काहीतरी आवाज येतोय

मराठी मध्यमवर्गीय माणसाला स्वतःचं मत नाही असा विषय या पृथ्वीतलावर एकच उरला आहे, आणि तो म्हणजे स्वतःच्या गाडीचं इंजिन. तिसरा स्लिप केव्हा काढावा, आमटीत गूळ किती पडावा, तोडीतला गंधार नक्की किती उतरावा, हे सगळं त्याला ठाऊक असतं. नुसतं ठाऊक नसतं, त्यावर तो रात्री अकरापर्यंत भांडायला तयार असतो. पण आठ-दहा लाख मोजून घेतलेली, अजून हप्ते चालू असलेली, दसऱ्याला झेंडूची माळ घातलेली त्याची गाडी एके दिवशी वेगळ्या सुरात बोलू लागली की हाच वाक्पटू गृहस्थ गॅरेजच्या दारात गृहपाठ न केलेल्या पोरासारखा उभा राहतो आणि मोजून तीन शब्द उच्चारतो, "काहीतरी आवाज येतोय."

माझं भांडण या तीन शब्दांशी आहे.

हाच गृहस्थ डॉक्टरकडे जाऊन "काहीतरी दुखतंय" असं म्हणतो का? छे! तिथे त्याच्या प्रतिभेला बहर येतो. "डाव्या बरगडीच्या खाली, जेवणानंतर तासाभराने, टोचल्यासारखं, आणि वाकलं की जरा जास्त" अशी सुरुवात करून तो आजोबांच्या पित्तापर्यंत पोचतो. डॉक्टरांनाच शेवटी घड्याळाकडे बघावं लागतं. मग गाडीनेच काय घोडं मारलंय?

बरं, भाषा तोकडी पडते म्हणावं, तर तसंही नाही. आवाजांच्या बाबतीत मराठीइतकी गडगंज भाषा शोधून काढावी लागेल. आमच्याकडे भांडी खणखणतात, बांगड्या किणकिणतात, दार करकरतं, मांजर गुरगुरतं, उंदीर खुडबुडतात, छातीत घरघरतं आणि फोडणी तडतडते. पाऊससुद्धा नुसता पडत नाही. रिमझिमतो किंवा कोसळतो. एवढी इस्टेट वाडवडलांनी ठेवलेली असताना गॅरेजमध्ये गेल्यावर आम्ही भिकाऱ्यासारखे "नॉइज आहे हो, नॉइज" म्हणतो. आणि इंजिनाच्या दुखण्यांची अर्धी-अधिक नावं या शब्दांतच दडलेली आहेत. टिकटिक वेगळी, ठकठक वेगळी, किणकिण वेगळी आणि घरघर वेगळी. ज्याला हा फरक सांगता येतो त्याचं निदान घरीच अर्धं झालेलं असतं.

पण घरी निदान करायचं म्हटलं की लोक दचकतात. आवाज करणाऱ्या गाडीवर आमच्या समाजात जे उपचार चालतात ते असे. पहिला पंथ रेडिओवाल्यांचा. इंजिन जितकं मोठ्याने बोलेल तितकी गाणी मोठ्याने लावायची, की झाला बरा. दुसरा पंथ "चालतेय ना?" वाल्यांचा. ह्यांच्या मते जी गाडी पुढे सरकते ती निरोगी. तिसरा पंथ श्रद्धावंतांचा. ते पुढची लिंबू-मिरची बदलतात. चौथा अलीकडे फोफावलाय. हे लोक बॉनेटवर मोबाइल धरून आवाज टिपतात आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवतात. मोबाइलमधून ऐकू येणारं कुठलंही इंजिन दुसऱ्या शिट्टीच्या बेतात आलेल्या कुकरसारखंच वाटतं, ही गोष्ट निराळी. पण ठाण्याचे मेव्हणे "टायमिंग चेन" म्हणून कळवतात, नागपूरची मावशी हात जोडल्याचं चित्र पाठवते आणि निदानाचं काम संपतं.

या चारही पंथांचं तत्त्वज्ञान एकच, "ते आपलं काम नव्हे." मला चीड आहे ती या वाक्याची.

का नव्हे? कान देऊन वस्तूची परीक्षा करणं हे आमच्या घराघरांतलं रोजचं काम आहे. माठ घेताना आजी बोटाच्या पेराने टिचकी मारायची आणि बद्द आवाज आला की कुंभाराला परत द्यायची. कलिंगड आम्ही अजून वाजवूनच घेतो. फोडणीत मोहरी टाकल्यावर तेल तापलंय की नाही, हे स्वयंपाकघराकडे पाठ करून बसलेल्या आईला कळायचं. वैद्यकशास्त्रसुद्धा याच वाटेने पुढे गेलं. ऑएनब्रुगर नावाच्या ऑस्ट्रियन डॉक्टरने छातीवर बोटांनी ठोकून आतला रोग ओळखण्याची रीत १७६१ साली पुस्तकात मांडली. तो खानावळवाल्याचा मुलगा होता, आणि पिंपात दारू कुठवर आहे हे वडील पिंप ठोकून पाहायचे, त्यावरून त्याला हे सुचलं असं सांगतात. पुढे १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेकने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. म्हणजे एक पिंप आणि एक सुरळी. यात पदवी लागते ती कुठे?

तेव्हा निदान घरी करावं. दुरुस्ती नव्हे, हं. हा फरक नीट ध्यानात घ्या, नाहीतर रविवारी दुपारी अंगणात इंजिनाचे बावन्न भाग मांडून बसाल आणि माझ्या नावाने शंख कराल. दुरुस्ती मिस्त्रीची, ऐकणं आपलं.

आधी पथ्यं. गाडी सपाट आणि मोकळ्या जागेत उभी करायची. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो दुसरी संधी देत नाही. गिअर न्यूट्रलमध्ये, हॅन्डब्रेक वर. ओढणी, पदर, मफलर, जानवं, गळ्यातली चेन, जे जे लोंबतं ते ते पट्ट्यांपासून आणि पंख्यापासून दूर. हल्लीचे पंखे विजेवर चालतात आणि इंजिन बंद असतानाही आपल्या मर्जीने सुरू होतात. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

मग पहिलं काम ऐकायचं नाहीच, बघायचं. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला, परत काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे का? कितीतरी टिकटिकींचं मूळ इथेच असतं. ज्याला लोणच्यावर तेल तरंगतंय की नाही हे बरणीबाहेरून कळतं, त्याला हे जमणार नाही असं मला कुणी सांगू नये.

आता प्रश्न विचारायला लागा. गाडी जागेवर उभी असताना अॅक्सिलरेटर दाबला तर आवाज वाढतो का? वाढत असेल तर तो इंजिनाचा, किंवा इंजिनाच्या अंगाखांद्यावर बसलेल्यांचा. नसेल आणि फक्त चालताना येत असेल, तर चाकं, ब्रेक, सस्पेन्शन यांची चौकशी करा; इंजिन बिचारं निर्दोष आहे. दुसरा प्रश्न, आवाज गार असताना येतो की तापल्यावर? काही आवाज सकाळी चहा मिळेपर्यंत कुरकुरणाऱ्या माणसांसारखे असतात. जुन्या इंजिनात पिस्टन जरासा सैल झालेला असतो, तो गार असताना खडखडतो आणि तापून फुगला की गप्प बसतो. त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं संसार करता येतो. पण गार असताना गप्प आणि तापल्यावर, जोर पडला की ठकठकणारा आवाज हा दुष्ट. ऑइल तापून पातळ झालं की झिजलेलं बेअरिंग असं बोलू लागतं.

तिसरा प्रश्न लयीचा, आणि इथे तर आमच्या मंडळींनी बाजी मारायला हवी. इंजिन उभ्या गाडीत साधारण मिनिटाला ८०० फेरे घेतं. म्हणजे खालचा क्रँकशाफ्ट ८०० वेळा फिरतो. पण व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट त्याच्या बरोबर निम्म्याने, म्हणजे ४०० वेळा. एक टॅपेट सैल झाला तर तो मिनिटाला ४०० वेळा टिकटिकणार. खालून येणारी ठोक मात्र बहुधा त्याच्या दुपटीने पडणार. तबल्याच्या भाषेत सांगायचं तर वरचे व्हॉल्व्ह ठाय लयीत आणि खालचा क्रँक दुगुनीत. एकेकाळी सवाई गंधर्वला पहाटेपर्यंत बसून मांडीवर ताल धरलेल्या माणसाला हा फरक कळू नये?

मग हत्यार घ्या. एक लांब स्क्रू-ड्रायव्हर. टोक अल्टरनेटरच्या अंगावर, वॉटर पंपाच्या अंगावर, इंजिनाच्या वरच्या झाकणावर एकेक करून टेकवायचं आणि मुठीचा भाग कानापुढच्या हाडाला लावायचा. फिरत्या भागाला मात्र टोक लागू द्यायचं नाही. जिथे आवाज मोठा, तिथे आरोपी. हवेची गळती शोधायला हातभर रबरी नळी पुरते. एक टोक कानाशी, दुसरं गळतीच्या शोधात. पट्टा कुंईकुंई करत असेल तर इस्त्रीच्या बाटलीने दुरून पाण्याचा फवारा मारा. आवाज क्षणभर थांबला किंवा वाढला तर दोष पट्ट्याच्या खात्यात. काडीचाही फरक पडला नाही तर पुली-बेअरिंगांकडे वळायचं.

राहिला शब्दकोश. वरून येणारी बारीक टिकटिक म्हणजे टॅपेट किंवा ऑइल. एका बाजूने घरघर म्हणजे अल्टरनेटर, वॉटर पंप किंवा पट्ट्याच्या पुलीचं बेअरिंग. सकाळी फटफट आणि तापल्यावर कमी, म्हणजे बहुधा सायलेन्सरच्या मुळाशी मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलेलं. खंबाटकीच्या चढावर वरच्या गिअरमध्ये रेटलं की काचेच्या गोट्यांसारखी किणकिण, म्हणजे पेट्रोल आपली पाळी यायच्या आधीच पेट घेतंय. गिअर खाली टाका आणि थांबत नसेल तर दाखवा. आणि खालून येणारी जड, खोल ठकठक, त्यातून जर ऑइलचा लाल दिवाही लागला असेल, तर निदान-बिदान विसरून आहे तिथे कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. "एवढं घरापर्यंत जाऊ" असं म्हणू नका. त्या एवढ्याशा अंतरात क्रँकशाफ्ट जातो. टोचन करून न्या. त्याचं भाडं इंजिनापेक्षा नक्कीच स्वस्त पडतं.

हे सगळं कशासाठी, असं विचाराल. पैशासाठी तर आहेच. आमच्या गाडीला मध्यंतरी खुळखुळ सुरू झाली. ज्या गॅरेजात नेली तिथे कॉफी उत्तम मिळते. टाय लावलेल्या एका मुलाने बॉनेट न उघडताच हातातल्या पाटीवर "इंजिन नॉइज" असं लिहिलं, आणि इंजिन उतरवून बघावं लागेल, वीस-बावीस हजार धरून चला, असं मला अत्यंत आदबीने सांगितलं. मी गाडी घरी आणली. रविवारी सौ.ना ड्रायव्हरच्या जागी बसवून अॅक्सिलरेटर दाबायला लावला आणि मी बॉनेटमध्ये कान घातला. पाच मिनिटांनी आतून आवाज आला, "अहो, किती वेळ दाबू? आणि हे काय इंजिन वाजतंय? हे तर स्टीलच्या डब्याचं सैल झाकण आहे!" इंजिन बंद करून ते पूर्ण गार होऊ दिलं आणि लाकडी काठीने सायलेन्सरच्या नळीवरचा पत्रा ठोकला. पत्रा म्हणाला, खुळखुळ. उष्णता अडवणाऱ्या त्या पत्र्याची पट्टी गंजून सुटली होती. हार्डवेअरच्या दुकानातून चाळीस रुपयांची क्लिप आणली. निदानाचं सगळं श्रेय सौ.चं आहे, हे त्या भेटेल त्याला सांगतात, आणि ते खरंच आहे. त्यांना इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी फक्त ऐकलं.

यावर काही विद्वान म्हणतील की हल्लीच्या गाड्यांत कॉम्प्युटर असतो, कान कशाला? स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला यंत्र जोडलं की गाडी आपला रोग आपणच सांगते. सांगते ना! सेन्सरला जे कळतं ते सांगते. सैल पत्र्याला सेन्सर नसतो, पट्ट्याच्या पुलीला नसतो. आणि गंमत बघा, त्याच इंजिनाच्या अंगावर कंपन्यांनी "नॉक सेन्सर" नावाचा एक कान बोल्टाने आवळून बसवलेला असतो. तो रात्रंदिवस किणकिण ऐकायला टपलेला असतो आणि ऐकली की ठिणगी थोडी उशिरा पाडायला लावतो. म्हणजे कारखान्यातल्या इंजिनिअरांचा आवाजावर पूर्ण विश्वास आहे. नाही तो मालकाचा.

आणि मालकाने ऐकू नये अशी सोयही पद्धतशीर झालेली आहे. बॉनेट उघडलं की वर प्लॅस्टिकचं झाकण, जणू सोवळ्यातला देव्हारा. पद्मिनी आणि अॅम्बेसेडरच्या काळात वकिलापासून मास्तरांपर्यंत सगळ्यांच्या डिकीत पाने असायचे, कारण त्या गाड्या मालकाला शिकवल्याशिवाय सोडतच नसत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, बॉनेट उघडण्याची गरज कमी झाली, आणि गरजेपाठोपाठ विद्याही गेली. मी जुन्या गाड्यांसाठी गळा काढत नाही. त्या रस्त्यात उभ्या राहायच्या आणि आम्ही त्या ढकलायचो. पण विद्या गेली की भाव दुसरे ठरवतात. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याचसाठी, की सुटे भाग आणि तपासणीची साधनं त्या बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणाने मिळू देत नव्हत्या. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने "दुरुस्तीच्या हक्का"साठी समिती नेमली, त्यात मोटारीही आल्या. हक्क मिळतील तेव्हा मिळोत. पण ज्याला बॉनेटची कडी कुठे आहे हे माहीत नाही, तो दुरुस्तीचा हक्क घेऊन काय करणार? लोणचं घालणार?

खरं दुखणं पैशाचं नाहीच. "ते आपलं काम नव्हे" यातला "आपलं" हा शब्द फार जुना आहे. ज्या कामाने हात काळे होतात ते काम आपलं नव्हे, असं आम्ही पिढ्यानपिढ्या मानत आलो. दसऱ्याला हत्यारांना हळदकुंकू वाहू, वर्षभर त्यांना हात लावणार नाही. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर झाला तर पेढे वाटू. तोच सुट्टीत गॅरेजमध्ये बसू लागला तर "वाया गेला" म्हणू. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट अचूक ओळखणारा मिस्त्री हा माझ्या मते मोठा विद्वान आहे. ती विद्या त्याने बाराव्या वर्षापासून रॉकेलमध्ये पार्ट धूत, शिव्या खात मिळवली. आम्ही त्याला "ए" म्हणून हाक मारतो, बिलातले पन्नास रुपये कमी करायला लावतो, आणि वर पावती देणाऱ्या टायवाल्याला "सर" म्हणतो! मग त्या मिस्त्रीच्या पोराने ती विद्या शिकायचं नाकारलं, तर दोष कुणाला देणार?

"पण आपण काही सांगितलं तर मिस्त्रीला राग नाही का येणार?" असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. "बिग एंड गेलाय, बदलून टाक" असं हुकूम सोडल्यासारखं सांगितलं तर येईल, आणि यायलाच पाहिजे. निदानाचं शेवटचं वाक्य त्याचं. आपण फक्त साक्ष द्यायची. पण ती नीट द्यायची. तेव्हा येत्या रविवारी अर्धा तास काढा, बॉनेट उघडा, गाडीचं काय म्हणणं आहे ते ऐकून घ्या. नंतर सोमवारी गॅरेजमध्ये जाऊन, त्या माणसाचं नाव काय ते आधी विचारून, असं म्हणून बघा:

"सकाळी गार असताना दोन मिनिटं टिकटिक येते, वरच्या बाजूने, पुढच्या अंगाला. तापली की जाते. उभ्या गाडीतही येते, अॅक्सिलरेटरबरोबर वाढते. ऑइल बघितलं, खालच्या खुणेवर आहे."

तो हातातला चहा खाली ठेवेल. बहुधा उठून स्वतः बॉनेटपाशी येईल, आणि टायवाल्याची पाटी आणण्याऐवजी एवढंच म्हणेल, "चालू करा, साहेब. ऐकू या."